प्रतिकारशक्ती वाढवायची की आवरायची? फुप्फुसाच्या फायब्रोसिसबद्दल एका लेकीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. वडील 63 वर्षांचे, गाव तासगाव तालुक्यात. कुपवाडच्या एका फाउंड्रीत 24 वर्षं फेटलिंगला होते, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दीड वर्षापासून कोरडा खोकला, आता जिना चढला की धाप. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत फायब्रोसिस (व्रण पडून आलेला निबरपणा), सोबत ‘मोझेक’ (फिकट-गडद ठिगळं) आणि ‘एअर ट्रॅपिंग’ (हवा आत अडकून राहणं) असे शब्द. एका डॉक्टरांनी स्टिरॉइड सुरू केलं, दुसऱ्यांनी ते उतरवत आणून पिरफेनिडोन दिलं. मामा म्हणतात प्रतिकारशक्ती कमी झालीय, काढा द्या. लेकीनं वाचलंय की ‘टोल-लाइक रिसेप्टर’ नावाची प्रतिकारशक्तीची बटणं चेकाळल्यानं हा आजार होतो. मग ती बंद करणारं औषध का देत नाहीत? आणि अगदी शेवटी, जाता जाता: ‘वेळ जावा म्हणून दादांनी (वडिलांनी) गच्चीवर पंचवीस-तीस कबुतरं पाळलीत, त्यांच्यातच रमतात.’

ताई, ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. तिकडे येतोच. मी मिरजेत छातीच्या आजारांची ओपीडी पंचवीसेक वर्षं चालवतोय, आणि निदानाला उपयोगी पडणारी गोष्ट पेशंट दाराच्या कडीला हात लावताना सांगतो हा रोजचा अनुभव आहे.

आधी त्या बटणांचं बघू. सांगलीत पावसाळ्यात माणूस सकाळी उठला की चहाच्या आधी आयर्विन पुलाची पातळी विचारतो. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. पुलाची ती पट्टी पाणी अडवत नाही, कुणाला वाचवत नाही. ती फक्त सांगते. सामान माळ्यावर टाकणं, जनावरं हलवणं, बोटी बोलावणं हे सगळं ती वाचून होतं. जन्मजात प्रतिकारशक्तीचे रिसेप्टर म्हणजे पेशींवरच्या अशा पट्ट्या. जंतूंशी लढणं पुढच्यांचं काम, ओळखून वर्दी देणं यांचं.

टोल-लाइक रिसेप्टर (टीएलआर) माणसात दहा प्रकारचे असतात. या ‘टोल’चा आपल्या तासवडे-आनेवाडीच्या टोलनाक्याशी संबंध नाही, जर्मन भाषेत ‘टोल’ म्हणजे ‘झकास’. फळमाशीतल्या एका जनुकाला जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी ते नाव दिलं. पुढे 1996 मध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटानं दाखवलं की हे जनुक बिघडलेली माशी बुरशीच्या संसर्गानं मरते. 1998 मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटानं उंदरात शोधून काढलं की जंतूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन ओळखणारा रिसेप्टर त्याच घराण्यातला, टीएलआर-4, आहे. दोघांनाही 2011 चं नोबेल मिळालं. प्रत्येक प्रकाराची ओळख वेगळी: टीएलआर-2 ला जंतूंच्या भिंतीतले स्निग्ध प्रथिनांचे तुकडे कळतात, टीएलआर-3 ला विषाणूंचा दुपदरी आरएनए, टीएलआर-9 ला जंतूंच्या डीएनएची विशिष्ट अक्षरं. पेशीच्या आतही असे पहारे आहेत. त्यातला एनएलआरपी-3 आपल्या गोष्टीत महत्त्वाचा.

आता खरी गोम. हे रिसेप्टर फक्त परक्याला ओळखत नाहीत, घरातली मोडतोडही ओळखतात. फुप्फुसातली पेशी फुटली की तिच्यातून एटीपी, युरिक ॲसिड, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बाहेर सांडतो; पेशींमधल्या हायलुरोनान नावाच्या चिकट पदार्थाचे तुकडे होतात. मायटोकॉन्ड्रिया हे मुळात कोट्यवधी वर्षांपूर्वी पेशीत शिरून राहिलेले जिवाणू, त्यामुळे त्यांचा डीएनए टीएलआर-9 ला आजही परक्यासारखा वाटतो. म्हणजे एकही जंतू नसताना धोक्याची वर्दी जाऊ शकते. वर्दी गेली की सूज येते, सुजेमागून दुरुस्ती येते, आणि दुरुस्तीत टीजीएफ-बीटा नावाचा संदेश फायब्रोब्लास्ट पेशींना कोलॅजेनचे धागे विणायला लावतो. जखम भरायला हे हवंच. वर्दी थांबली की विणकामही थांबतं. ती थांबलीच नाही, किंवा ती थांबूनही विणणारे हटले नाहीत, की वायुकोशाच्या नाजूक भिंती जाड आणि निबर होतात आणि प्राणवायू रक्तात शिरेना. फायब्रोसिस तो हाच. त्यामुळे अशा प्रत्येक पेशंटपुढे मी पहिला प्रश्न विचारतो तो वर्दी कोण देतंय हा.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत दोन संशयित उघड दिसतात आणि तिसरा अंधारात आहे.

पहिला संशयित फाउंड्री. मोल्डिंगची वाळू म्हणजे जवळपास निव्वळ क्वार्ट्झ. कास्टिंग थंड झाल्यावर त्यावर चिकटलेली वाळू ग्राइंडरनं घासून काढायची, ते फेटलिंग. त्यातून उडणारे सूक्ष्म कण नाकात अडकत नाहीत, थेट वायुकोशात जातात. तिथली सफाई कामगार पेशी, मॅक्रोफेज, कण गिळते. जंतू असता तर पचवला असता, पण स्फटिक पचत नाही. तो ज्या पिशवीत ठेवला ती पिशवीच फुटते, आतले पाचकरस पेशीत सांडतात, आणि एनएलआरपी-3 जागा होतो. तो कॅस्पेस-1 या एन्झाइमला चालना देतो, त्यातून इंटरल्यूकिन-1 बीटा हा जहाल संदेश बाहेर पडतो. 2008 मध्ये वेगवेगळ्या तीन गटांनी ही साखळी जवळपास एकाच वेळी मांडली. क्रूर भाग पुढे आहे: ती पेशी मरते, स्फटिक जसाच्या तसा मोकळा होतो, दुसरी पेशी येऊन तो गिळते. पुन्हा तेच. म्हणून सिलिकोसिसच्या (क्वार्ट्झच्या, म्हणजे सिलिकाच्या, धुळीनं होणाऱ्या आजाराच्या) माणसानं नोकरी सोडून दहा वर्षं झाली तरी आजार पुढे सरकू शकतो. वर्दी देणारा आत कायमचा मुक्कामाला आहे.

(पेशंट नेहमी विचारतात, मग खडी क्रशरवर काम करणाऱ्यांचं काय? आपला दख्खनचा काळा पाषाण बेसॉल्ट आहे, त्यात मोकळं क्वार्ट्झ फार थोडं. राजस्थानच्या वालुकाश्माच्या खाणीत जे दिसतं तेवढं आपल्याकडच्या खाणीत दिसत नाही. थोडं म्हणजे निर्धोक नव्हे, पण फाउंड्रीची वाळू त्याहून कितीतरी वाईट.)

तरीही, तुम्ही उतरवून दिलेल्या रिपोर्टमध्ये सिलिकोसिसच्या नेहमीच्या खुणा नाहीत. तो बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात बारीक गाठी करतो, लसिका ग्रंथींना कधी अंड्याच्या टरफलासारखी कॅल्शियमची कड येते. ‘मोझेक’ आणि ‘एअर ट्रॅपिंग’ ही भाषा दुसऱ्याच दिशेला बोट दाखवते.

म्हणजे कबुतरं. कबुतराच्या विष्ठेतली आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीतली प्रथिनं रोज श्वासातून गेली, की काही माणसांत ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’, म्हणजे अशा धुळीला चिडून फुप्फुसाला येणारी सूज, होतो. सगळ्यांना होत नाही. एकाच गच्चीवर दोघं भाऊ कबुतरं उडवतात आणि एकालाच दम लागतो. भारतातल्या 19 शहरांतल्या 27 केंद्रांनी 1084 रुग्णांची नोंदवही केली, ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सूज आणि व्रणाच्या सगळ्या फुप्फुस-आजारांत 47 टक्के या हायपरसेन्सिटिव्हिटीच्या गटाचे निघाले, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या घरी एअर कूलर होते. ओला पॅड, त्यात बुरशी. मुंबईत 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून जो गदारोळ झाला त्याच्या मुळाशी हाच आजार होता.

आपल्या भागात याचं आणखी एक जुनं भावंड आहे. साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या चिपाडाचे, बगॅसचे, डोंगर रचलेले असतात. ओलसर बगॅस आतून तापतं आणि त्यात उष्णता मानवणारे सूक्ष्मजीव वाढतात. ढीग उपसताना त्यांचे बीजाणू उडतात. त्यातून होणाऱ्या आजाराला बगॅसोसिस म्हणतात आणि 1941 मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानात त्याचं वर्णन झालं. बगॅसवर एक टक्का प्रोपिऑनिक ॲसिड फवारलं की ही वाढ रोखता येते. म्हणून सातारा-सांगलीचा पेशंट आला की ‘काय काम करता?’ एवढ्यावर मी थांबत नाही. सीझनला कारखान्यावर जाता का, गोठ्यात कडबा कुजतो का, बेदाण्याच्या शेडवर होता का, हेही विचारतो.

इथे रिसेप्टरांचं काम वेगळ्या तऱ्हेनं चालतं. कुजक्या गवतातल्या जीवाणूंवर उंदरांत झालेल्या प्रयोगांत टीएलआर-2 आणि टीएलआर-9, आणि त्यांचा निरोप पुढे नेणारं मायडी-88 हे प्रथिन, यांच्याशिवाय आजार नीट पेटत नाही असं दिसलं. जन्मजात पहारा वर्दी देतो, मग टी-पेशी, म्हणजे शत्रू लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी, शिकतात, आणि शिकलेल्या टी-पेशी पुढच्या प्रत्येक श्वासाला चिडतात. पण सिलिकाच्या उलट इथला वर्दी देणारा बाहेर आहे, गच्चीवर. त्याला हलवता येतं! आजार कोवळा असताना हलवला तर फुप्फुस बऱ्यापैकी पूर्ववत होतं. व्रण पडून गेला असेल तर गेलेलं परत येत नाही, पण पुढची घसरण मंदावण्याची शक्यता चांगली असते.

तिसरा, अंधारातला, म्हणजे ‘इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस’, आयपीएफ. कारण सापडत नाही म्हणून इडिओपॅथिक. उपचारांशिवाय निदानानंतरचं सरासरी आयुष्य तीन ते पाच वर्षं, म्हणून हे नाव मी पेशंटच्या तोंडावर घाईनं उच्चारत नाही. यात वायुकोशांच्या अस्तराच्या पेशी वारंवार बारीक इजा होऊन थकतात, आणि दुरुस्ती भरकटते. जनुकंही हातभार लावतात.

तुम्ही जे वाचलंत त्याची उलटी बाजू इथे दिसते. टीएलआर-3 चं काम ज्या बदलामुळे दुबळं होतं, तो बदल अंगात असलेल्या आयपीएफच्या रुग्णांची फुप्फुसं जास्त वेगानं घसरतात आणि मृत्यूही जास्त, असं 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे इथे पहारा चेकाळला म्हणून नाही, झोपला म्हणून नुकसान. टीएलआर-9 बद्दल मात्र दुसऱ्या बाजूचा पुरावा आहे: भराभर बिघडणाऱ्या रुग्णांच्या फुप्फुसात तो वाढलेला सापडला. टीएलआर-4 तर दोन्ही डगरींवर पाय ठेवून आहे. स्क्लेरोडर्मासारख्या, त्वचा आणि आतले अवयव निबर करणाऱ्या आजारात फायब्रोब्लास्टवरचा टीएलआर-4 व्रण वाढवतो. पण उंदराच्या वायुकोशातल्या मूळपेशींवर तोच टीएलआर-4 हायलुरोनानच्या मदतीनं नवं अस्तर उगवायला लावतो, आणि तो काढून टाकला तर फायब्रोसिस जास्त होतो. हे 2016 चं काम वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला होता. एकच रिसेप्टर, कुठल्या पेशीवर बसलाय त्यावर तो गवंडी की सुरुंग हे ठरतं.

म्हणून ‘ते बंद करणारं औषध का देत नाहीत’ याचं उत्तर: बंद करून कुणाचं भलं होईल हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि नुकसान होण्याची कारणं समोर दिसतात. बाजारात रिसेप्टरांच्या वाटेत येणारी औषधं आहेतच. संधिवाताला देतात ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विन टीएलआर-7 आणि 9 चं काम दाबतं. पण तेवढ्यावरून ते आयपीएफचं औषध होत नाही. कुणी तसं सुचवलं तर पुरावा मागा.

आता दोन डॉक्टरांचं भांडण. ते भांडण नाहीच. आयपीएफ समजलं तर स्टिरॉइड टाळायचं, हायपरसेन्सिटिव्हिटी समजलं तर बऱ्याचदा द्यायचं. दोघांच्या मनात निदान वेगळं होतं. मी शिकत होतो तेव्हा आयपीएफलाही सर्रास प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन द्यायचे. तर्क साधा होता: सूज आहे, दाबा. मग अमेरिकेत ‘पँथर’ नावाची चाचणी झाली, निकाल 2012 मध्ये आले: प्रेडनिसोन, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन अशा तिहेरी उपचारात तुलनेसाठी औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त माणसं दगावली. ती शाखा मधेच थांबवावी लागली. मीही ते औषध पूर्वी दिलेलं आहे. त्या रात्री काही चेहरे आठवत बसलो, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्याच चाचणीचा पुढे एक चमत्कारिक धागा निघाला. टोलिप नावाचं प्रथिन टीएलआरच्या वर्दीवर लगाम ठेवतं. त्याच्या जनुकाचा एक प्रकार ज्यांच्यात होता त्यांना नुसत्या एन-ॲसिटिलसिस्टीनचा फायदा झाल्यासारखा दिसला, दुसरा प्रकार असणाऱ्यांना उलट तोटा. हे मागे वळून केलेलं विश्लेषण, त्यामुळे त्यावर औषध लिहू नये. पण ‘शेजारच्या काकांना लागू पडलं’ हे वाक्य या आजारात किती पोकळ आहे ते यातून कळतं.

पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही दोन औषधं विणकामाचा वेग कमी करतात. विणलेलं उसवत नाहीत. 2019 मध्ये ‘इनबिल्ड’ चाचणीनं दाखवलं की आयपीएफ नसलेल्या पण वाढत चाललेल्या फायब्रोसिसमध्येही निन्टेडॅनिबनं घसरण मंदावते. तेव्हा दादांना कुठलाही आजार निघाला तरी त्यांच्यासाठी दार बंद नाही. पिरफेनिडोन जेवणाच्या मधोमध घ्यायचं, दोन घास पोटात गेल्यावर. रिकाम्या पोटी मळमळतं. आणि त्यानं ऊन बाधतं. द्राक्षबागेत फिरायची सवय असेल तर टोपी, लांब बाह्या, सनस्क्रीन. ‘म्हातारपणी क्रीम कसलं’ म्हणतील, लावा. यकृताची तपासणी ठरल्या वेळी चुकवू नका.

यकृतावरून मामांच्या काढ्याकडे येतो. प्रतिकारशक्ती म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, की पातळी उतरली आणि भरली. वर सांगितलं तसं, कुठे पहारा सुस्त, कुठे चिडलेला, आणि दोन्ही एकाच फुप्फुसात. ‘बूस्टर’ नेमकं कुणाला उठवणार? शिवाय त्या काढ्यांत बहुधा गुळवेल असते. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले; आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. माझ्यापुरता वाद सोपा आहे: जो माणूस आधीच यकृतावर ताण देणारं पिरफेनिडोन घेतोय त्याला हा दुसरा ताण नको. मामांना माझं नाव सांगा, माझ्यावर रागावू देत.

हळदीचंही विचाराल, सांगलीत कोण विचारत नाही! 2018 मध्ये आपल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहेच. प्रयोगशाळेत कुरकुमिन टीएलआर-4 ची वर्दी दाबतं हे खरं. पण पोटातून रक्तात ते इतकं कमी पोचतं की फुप्फुसापर्यंतची मजल अवघड. भाजीत घाला, कॅप्सूलवर पैसे घालू नका.

लसीचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण तुमच्यासारखी वाचणारी माणसं तो काढतात: काही लसींत रिसेप्टर चाळवणारे पदार्थ असतात, मग त्या घ्याव्यात का? असतात, खरं आहे. कोव्हॅक्सिनमध्ये टीएलआर-7 आणि 8 ला चाळवणारा घटक होता. पण दंडातली ती मोजकी, दोन दिवसांची वर्दी कुठे, आणि फ्लूच्या विषाणूनं अख्ख्या फुप्फुसात उडवलेला हाहाकार कुठे. फायब्रोसिसचा माणूस अशा एका संसर्गात पंधरा दिवसांत खचलेला मी पाहिलाय. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकॉकसची डॉक्टर सांगतील तशी, दोन्ही घ्या.

मग आता करायचं काय? कबुतरं हलवा. चार दिवस नाही, कायमची, आणि शेजारच्या गच्चीवर नाही. दादांना हे सर्वात जड जाईल. पाच वर्षांचा त्यांचा विरंगुळा आहे तो, त्यामुळे हुकूम सोडू नका. गावात ज्याच्याकडे ती नीट राहतील असा माणूस त्यांनाच निवडू द्या. खुराडं मोडताना आणि गच्ची धुताना दादा त्या घरात नकोत. कोरडं झाडायचं नाही, आधी भिजवायचं, करणाऱ्यानं एन-95 मास्क लावायचा. ही प्रथिनं गाद्या-पडद्यांत महिनोन् महिने टिकून राहतात, त्यामुळे आठ दिवसांत खोकला थांबला नाही म्हणून ‘कबुतरांचा काही संबंध नव्हता’ असा निकाल लावू नका. कूलर असेल तर तोही बघा.

औषधं स्वतःहून काही बंद करू नका, राहिलेलं स्टिरॉइड तर अजिबात नाही; ते पायरीपायरीनंच उतरतं. थुंकीची टीबीची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, कारण सिलिका गेलेल्या फुप्फुसात टीबी सहज घर करतो आणि फाउंड्रीची 24 वर्षं विसरून चालणार नाही. सिलिकोसिस निघालाच तर तो कायद्यानं नोंद करण्याचा व्यावसायिक आजार आहे आणि ईएसआयकडे भरपाईचा दावा होऊ शकतो. नोकरीचे कागद, वेतनचिठ्ठ्या शोधून ठेवा. तीन-चार महिन्यांनी फुंकण्याची चाचणी आणि 6 मिनिटं चालण्याची चाचणी पुन्हा करा. निदान कुठलं यापेक्षा घसरण कुठल्या वेगानं चाललीय हे कधी कधी ती दोनच जास्त सांगतात.

आणि दोन्ही डॉक्टरांना कबुतरांबद्दल सांगितलं होतं का, हे दादांना विचारा. माझा अंदाज आहे की नाही. कुणी विचारलं नाही, आणि त्यांना ते आजाराच्या यादीत घालण्यासारखं वाटलं नाही. पुढच्या भेटीला जाताना सीटीची सीडी आणि जुने एक्स-रे घ्याच, पण आजच, खुराडं हलवायच्या आधी, गच्चीचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेवा.